कुणाच्या हातचं: पुणे, मुळशी, केडगाव

बुधवार

सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस भल्या सकाळी सुटते आणि दुपार व्हायच्या आत पुण्याला पोचवते. बरोबर मावशी होती. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि या वर्षी मुलींना एक काम दिलं आहे. आजीच्या ट्रंकेतली एक वस्तू घ्यायची, तिचं चित्र काढायचं आणि ती कुठून कुठे आली ते लिहायचं. मुली वस्तू आणतात, चित्रं सुरेख काढतात, गावांची नावंही विचारून लिहितात. "कुणी केली?" या रकान्यात मात्र बहुतेक वह्यांत नुसती रेघ असते. बायका एका घरातून दुसऱ्या घरी, एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाताना जे घडवतात आणि जे बरोबर नेतात, ते पुण्यात आणि आसपास कुठे पाहायला मिळतं आणि त्यावर करणारीचं नाव कुठे सापडतं, हे बघायला आम्ही निघालो होतो.

स्थलांतर म्हटलं की आपल्याला आखाती देश आठवतात, अमेरिका आठवते, नाहीतर ऊसतोडीला निघालेले ट्रक. २०११च्या जनगणनेत मात्र देशातल्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हे आहे, आणि लग्नापायी गाव सोडणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच. मावशीचं माहेर बार्शी तालुक्यातलं, सासर मोहोळजवळचं, मग मुलाच्या नोकरीमुळे सोलापूर. गाडीत तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय गं, आम्ही परमुलखातच गेलो की. पहिल्या वर्षी तर तिथलं पाणीसुद्धा तोंडाला लागत नव्हतं."

राजा दिनकर केळकर संग्रहालय शुक्रवार पेठेत नातूबागेजवळ आहे. दिनकर गंगाधर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या आसपास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला. १९६२ साली तो सरकारच्या हवाली केला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. त्यांच्या पत्नी कमलाबाई या सगळ्या कामात बरोबरीने होत्या. त्यांचं नाव इथे मुद्दाम लिहिते आहे.

इतर संग्रहालयांत तलवारी, नाणी, ताम्रपट आणि देवांच्या मूर्ती असतात. केळकरांनी स्वयंपाकघर आणि माजघर जमवलं. वज्र्या, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, फण्या, नारळाच्या खवण्या, शेवयांचे साचे आणि दिवे, दिवे, दिवे. त्या काळी वाडे मोडत होते आणि ही सगळी भांडी वजनावर मोडीत जात होती. जिला कुणी इतिहास म्हणत नव्हतं अशी खवणी एका माणसाने उचलून काचेमागे ठेवली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मावशी वज्र्यांच्या कपाटापाशी थांबली ती हलेना. पाय घासायची वज्री, खाली खरबरीत, वर धरायला मोर, घोडा नाहीतर हत्ती. "आमच्या आईची मातीची होती," ती म्हणाली. "शनिवारी न्हाणीत बसून टाचा घासायची. तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारायचं नाही." पितळी वज्री ओतणारे हात बहुतेक पुरुषांचेच, ओतारी नाहीतर तांबट. पण तिच्यावर मोर हवा की घोडा, हे बाजारात उभं राहून कुणी ठरवलं असेल? वापरणारीच्या आवडीशिवाय इतके मोर झाले नसते. घासून घासून एका वज्रीच्या मोराची चोच गुळगुळीत झाली आहे, तेवढी एका बाईची खूण तिथे उरली आहे.

बायकांच्या स्वतःच्या हातचं काम बघायचं तर कापडाकडे जावं लागतं. गुजरातकडच्या वस्तूंपाशी, कच्छ-काठियावाडच्या भरतकामापाशी आम्ही बराच वेळ काढला. तिकडे मुलगी स्वतःच्या लग्नाचं भरतकाम स्वतः करत असे. घागरे, पोलकी, तोरणं, पिशव्या, आणि हे सगळं पुरं झाल्याशिवाय तिची पाठवणी होत नसे. कच्छमधल्या ढेबरिया रबारी या पशुपालक समाजात हे काम इतकं वाढलं, पाठवण्या इतक्या लांबायला लागल्या, की १९९५ साली समाजातल्या वडीलधाऱ्यांनी भरतकामावर बंदीच घातली. मला त्या लांबलेल्या वर्षांविषयी सारखं वाटत राहिलं. सुई हातात असेपर्यंत माहेर हातात. त्या टाक्यांमध्ये किती मुलींनी जाणूनबुजून हात सावकाश चालवला असेल.

काचेवरच्या पाटीवर वस्तूचं नाव, प्रदेश आणि काळ असतो. करणारीचं नाव नसतं, आणि ते असणारही कसं? वस्तू वाड्यातून जुन्या बाजारात आली तेव्हाच ते गळून पडलेलं असतं. संग्राहकाच्या हाती येईपर्यंत विचारायला कुणी उरत नाही. जो काही उपाय आहे तो वस्तू घरात असतानाच करायचा, एवढं त्या कपाटांपुढे उभं राहिल्यावर पक्कं झालं.

तिथेच मस्तानी महाल आहे. कोथरूडला बाजीरावाने बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात पुन्हा उभे केले. लाकडी खांब, कोरीव काम, झुंबरं. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात गेला, आणि त्यानंतर छत्रसालाची ही मुलगी पुण्यात आली. नवी भाषा, नवं अन्न, आणि ज्यांनी तिला कधी आपलं म्हटलं नाही असं घर. १७४० साली ती गेली, कबर पाबळला आहे. तिचा मुलगा समशेरबहादूर १७६१ साली पानिपतात मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमांपायी थोड्याच दिवसांत गेला. पुण्यात तिच्या सौंदर्याच्या कथा भरपूर ऐकायला मिळतात. ती कोणती गाणी गात होती, बुंदेलखंडातलं काय काय तिने इथे आणलं, हे सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

संध्याकाळी गंज पेठेत फुलेवाड्यात गेलो. जोतीरावांची समाधी आहे तिथे थोडा वेळ बसलो. १८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, नायगावहून लग्न होऊन आलेल्या सावित्रीबाई तिथे शिकवायला उभ्या राहिल्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला, तिच्या नावासकट. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आपण तो तिच्या नावाने वाचतो. केळकर संग्रहालयापासून फुलेवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि एकाच दिवशी दोन्ही बघावीत असं मी कुणालाही सुचवेन.

गुरुवार

सकाळी क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात. स्टेशनपासून हे जवळ आहे, पण गर्दी नसते. तारपे, दागिने, शेतीची अवजारं, मुखवटे. आम्ही आलो होतो वारली चित्रांसाठी.

वारल्यांमध्ये लग्नाच्या वेळी सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात, म्हणजे चौकोनी चित्र काढतात. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचं पाणी, एवढ्यावर सगळं. चौकात पालघट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्न लावते ती धवलेरी. तीही बाईच, आणि ती गाऊन लग्न लावते. चित्र काढणाऱ्या बायका, मंत्र गाणारी बाई, आणि भिंतीपाशी बसलेली नवरी जी उद्या दुसऱ्या पाड्यावर जाणार. पावसाळे झाले की भिंत पुन्हा सारवली जाते, चौक जातो. पुढच्या लग्नाला नवा लिहायचा.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी या चित्रांना कागद दिला आणि जिव्या सोमा मशे या विलक्षण चित्रकाराचं काम जगापुढे आलं. मशेंनी रोजचं आयुष्य चित्रात आणलं. शेत, जाळी, मुंग्यांची रांग, झाडाला लगडलेली पाखरं. त्यांच्या रेषेत जी हालचाल आहे ती बघून मी वर्गात पोरींना हात सैल सोडायला शिकवते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचं नाव कोरलं गेलं हे योग्यच झालं. पण भिंतीवरून कागदावर येताना चित्र सवाष्णींच्या हातातून बरंचसं निसटलं आणि कागदाच्या कोपऱ्यातली सही पुरुषांची झाली, हेही बघायला हवं. ज्या बायकांकडे पाहून पोरांची बोटं वळली, त्या बायकांची यादी कुठे आहे?

याच्या शेजारी मिथिलेची गोष्ट ठेवून बघावी. १९६०च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकला मंडळाने तिकडच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढून विकता यावीत म्हणून माणूस पाठवला. तोही हाच, भास्कर कुलकर्णी. तिथे मात्र सह्या बायकांच्या झाल्या. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. गंगा देवी नवरानवरीच्या खोलीतल्या भिंतीवरचं कोहबर हे चित्र कागदावर काढता काढता पुढे स्वतःचं आयुष्य काढायला लागल्या. १९८५च्या भारत महोत्सवाच्या वेळी त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथला रोलर कोस्टर त्यांनी मिथिलेच्या रेषेत काढला. कर्करोग झाला तेव्हा दिल्लीतलं रुग्णालय, डॉक्टर, खाटा, सगळं काढलं. कोहबर काढायला आईने शिकवलेला हात परदेशातली जत्रा आणि इस्पितळ दोन्ही पेलू शकला. मी मावशीला ही चित्रं फोनवर दाखवली. रोलर कोस्टरमध्ये बसलेल्या साडीतल्या बाया बघून ती म्हणाली, "हिला भीती वाटलेली दिसत नाही. सगळं नीट बघितलंय हिनं."

दुपारच्या लोकलने पिंपरीला गेलो. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचं माहेर तिथलं, सिंधी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची पिंपरीला छावणी होती, तिलाच लोक अजून पिंपरी कॅम्प म्हणतात. जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल झाली आणि मागे राहिलेल्या हिंदू सिंधींनीही जहाजं धरली. तिची दादी तेव्हा लहान होती. कराचीहून बोटीने मुंबई, मग कल्याणची छावणी, मग कुठे पिंपरी. आता नव्वदीला टेकली आहे. मराठी उत्तम बोलते, मध्येच हिंदी, आणि मोजायची वेळ आली की सिंधी.

दिवाणाखालच्या पेटीतून तिने रल्ली काढली. सिंधमधली गोधडी, चौकोन कापून वर शिवलेले, लाल, काळा आणि हळदीचा पिवळा रंग. बोटीवर बिछाना म्हणून आली, छावणीत पडदा झाली, पुढे पाळण्यात अंथरली गेली. मी विचारलं, "तुमच्या आईने केली का?" दादी म्हणाली, "नाही गं बेटा. आमच्याकडे शहरात कोण शिवणार? गावाकडून यायची." रल्ल्या करणाऱ्या बहुतेक बायका सिंधच्या खेड्यांतल्या, वाळवंटाकडच्या. मेघवाड, भिल्ल, कोळी, फिरस्त्या जमातीतल्या. ही रल्ली जिने शिवली ती दादीच्या वडिलांच्या घरी यायची. दादीला तिचं नाव आठवत नाही. तिच्या दंडापर्यंत भरलेल्या पांढऱ्या बांगड्या आठवतात, आणि सुई ओढताना त्यांचा होणारा आवाज.

ती बाई तिकडेच राहिली असणार. तिचं काम हद्द ओलांडून इकडे आलं आणि तीन पिढ्या वापरात राहिलं. स्थलांतराबद्दल बोलताना आपण जाणाऱ्यांबद्दल बोलतो, पण वस्तूबरोबर न आलेल्या माणसांचाही त्यात वाटा असतो, हे मला त्या दिवाणावर बसून कळलं.

झरीना हाश्मींची छापचित्रं मी वर्गात दाखवते, ती फोनमध्ये होती. झरीना १९३७ साली अलीगढला जन्मल्या, आईवडील पुढे कराचीला गेले, त्या स्वतः बँकॉक, पॅरिस, दिल्ली, न्यूयॉर्क अशा राहिल्या, २०२० साली लंडनमध्ये गेल्या. घरांचे नकाशे, रस्त्यांचे नकाशे, उर्दू अक्षरं, हेच त्यांचं जन्मभराचं काम. २००१च्या एका लाकूडछापात फक्त फाळणीची रेघ आहे, वाकडीतिकडी, काळी, दोन्हीकडे काहीच नाही. दादीने फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "यात कराची कुठंय?" मी म्हटलं, दाखवलेलं नाही. तिने स्वतःच रेघेच्या डावीकडे, खाली बोट ठेवलं आणि क्लिफ्टनच्या किनाऱ्याबद्दल, उंटावर बसल्याबद्दल सांगायला लागली. चहा दोनदा झाला. निघताना तिने मावशीच्या हातात पापडांचा पुडा दिला, आणि मावशीने सोलापूरची शेंगाचटणी पिशवीतून काढून तिला दिली.

शुक्रवार

पौडच्या पुढे रस्ता ताम्हिणीकडे चढायला लागतो आणि मुळशीचं पाणी दिसू लागतं. लोक इथे पावसाळ्यात धबधबे बघायला येतात. या पाण्याखाली गावं आहेत. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांचं धरण इथे होऊ लागलं तेव्हा मावळ्यांनी १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यात पुढे होते, आणि बायकाही कामावर जाऊन आडव्या पडल्या होत्या. धरण झालंच. लोक वर डोंगराकडे सरकले, काही मुंबईला हमालीला गेले, आणि त्यांच्या बायका मागे राहून दगडाळ रानात नाचणी-वरई पिकवत राहिल्या.

याच डोंगरांत जात्यावरच्या ओव्यांचा तो मोठा संग्रह सुरू झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुण्यात समाजविज्ञानाचं केंद्र चालवलं, इथल्या गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम केलं, आणि बायकांशी बोलता बोलता त्यांच्या ओव्या उतरवून घ्यायला लागले. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली. लाखाहून जास्त ओव्या जमल्या, महाराष्ट्रभरातल्या गावांमधून. आज त्यातल्या पुष्कळ इंटरनेटवर ऐकता येतात. मला या कामाचं सर्वांत मोल वाटतं ते एका साध्या गोष्टीसाठी. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. लोकगीत म्हटलं की ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. इथे तसं केलेलं नाही. एकच ओवी दोघींनी गायली तर दोघींची नावं आहेत, आणि कुणी कुठला शब्द बदलला तेही कळतं.

ओव्यांत काय नाही? माहेर, भाऊ, उन्हाळ्यात माहेरी न्यायला मुराळी येण्याची वाट, लेकीचा जन्म, सासू, विठ्ठल, आंबेडकर, आणि सीता. सीतेवर इतक्या ओव्या का, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. घर सोडून रानात निघालेली बाई म्हणून जात्यावर बसलेल्या बायकांनी तिला आपल्यातली करून घेतली. रामाला त्या ओव्यांमध्ये बायका प्रश्न विचारतात, ते देवळात कुणी विचारत नाही.

ओळखीतून एका वाडीवर एका आजींकडे गेलो. विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, तसं इथेही झालेलं. नुसत्या बसून गायला त्या तयार नव्हत्या. "हात फिरल्याबिगर तोंडात येत न्हाई," म्हणाल्या. मग नातवाने जातं पुढे ओढलं. रिकामं जातं फिरवू नये म्हणून सुनेने मूठभर नाचणी आणली. खुंट्याला एक हात आजींचा, दुसरा मावशीचा. पहिले दोन-तीन फेरे नुसतेच गेले. मग आजींनी सुरुवात केली आणि ओवीमागून ओवी यायला लागली. आई गेली तशी माहेरची वाट कशी लांबली, धरणाच्या काठी उभं राहून भाऊ आपल्या वडिलांचं शेत पाण्यात कुठे आहे ते कसं दाखवतो. दुसरी ओवी त्यांच्या आजीची होती. ती बुडालेल्या गावातली.

मावशीने त्यावर आपली बार्शीकडची चाल लावली. चाल वेगळी, घाट तोच. आजींनी मान हलवली आणि पुढची ओळ मावशीच्या चालीत म्हणून दाखवली. हे मी फोनवर मुद्रित केलं, आजींची परवानगी घेऊन. त्यांनी नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, आजीचं नाव असं सगळं एका दमात सांगितलं. कुणी विचारलं की बायका सांगतात. या लेखात ते देत नाही, कारण त्यांनी ते मुद्रणासाठी दिलं आहे, सगळ्या जगासाठी नाही.

ओटीवर गोधडी शिवायला घेतलेली होती. मावशी तिला वाकळ म्हणते आणि तिच्यावर अधिकाराने बोलते. तळाला जुनं लुगडं, मध्ये विरलेल्या साड्या आणि सदरे, वर धडधाकट राहिलेले तुकडे जोडून. कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्याकडे यायचं. टाका लहान असेल तर गोधडी पुष्कळ वर्षं टिकते. इथे शिवणाऱ्या दोघी समोरासमोर बसल्या होत्या, दोघींचे टाके वेगळे ओळखू येत होते. एकीचा बारीक आणि सरळ, दुसरीचा थोडा तिरका. मावशीने न सांगता ओळखलं की तिरका टाका डावखुऱ्या हाताचा आहे.

शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींच्या बायका उत्तर कर्नाटकात कवंदी शिवतात, त्याही कडेपासून मध्याकडे, आणि चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी ‘फुला’ लावल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बंगालमध्ये कांथा आहे, जुन्या साडीच्या काठातला दोरा उसवून त्यानेच वर चित्रं काढलेली. सिंधमधली रल्ली काल बघितली होती. जुनं कापड टाकायचं नाही, थरावर थर ठेवून शिवायचं, आणि ज्याच्या त्याच्या अंगावर घातलेल्या कपड्यांतून घर पांघरायचं, ही रीत कुणी कुणाला शिकवली हे शोधून काढणं मला तरी जमणारं नाही. पण आजींच्या गोधडीत मेलेल्या दिराचा सदरा आहे आणि नातीच्या शाळेचा निळा फ्रॉक आहे, आणि कुठला तुकडा कुणाचा हे त्यांना अंधारातही बोटांनी सांगता येतं. दालनात टांगलेल्या कितीतरी कलाकृतींबद्दल त्यांच्या कलावंतांना इतकं बोलता येत नाही.

सुनेने तांदळाच्या भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. संध्याकाळची बस गर्दीची होती.

शनिवार

परतीच्या वाटेवरच केडगाव आहे, पुणे-दौंड मार्गावर. सकाळच्या गाडीने तिथे उतरलो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायचं होतं. आधी कळवून जावं, कारण तिथे आजही निराधार बायका आणि मुलं राहतात. ते त्यांचं घर आहे, बघे म्हणून हिंडण्याची जागा नव्हे.

रमाबाईंचं आयुष्यच प्रवासात गेलं. १८५८ साली गंगामूळला जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत देशभर फिरत, आणि त्या पायी प्रवासात आई लक्ष्मीबाईंनी मुलीला संस्कृत शिकवलं. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला पाठ होते असं सांगतात. घर नाही, दार नाही, आणि आईच्या तोंडून लेकीच्या तोंडात एवढा ग्रंथ जातो. दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्याला पंडितांनी तिला पदव्या दिल्या. नवरा गेल्यावर १८८२ साली ती पुण्यात आली आणि तिने आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंड, १८८६ साली अमेरिका. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ होता, ११ मार्च १८८६. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच. त्यांची रक्षा अमेरिकेत ज्यांच्याकडे त्या राहिल्या होत्या त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि पोकीप्सीच्या दफनभूमीत पुरली. तिथे दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे. एका मराठी मुलीची खूण न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात आहे, याचा अभिमान वाटावा की दुःख, मला ठरवता येत नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या शेकडो मुलींना आगगाडीने इकडे घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी. भाषा वेगळ्या, घरं संपलेली, अंगावर चिंध्या. केडगावला त्यांना शेती, विणकाम, घाण्यावर तेल काढणं आणि छापखाना शिकवला गेला. अंध मुली ब्रेल शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, इथल्या बायकांनी जुळवले, पानं छापली. १९२२ साली रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ साली पुरा छापून झाला.

खिळे जुळवणं ही कला आहे, हे मला पटवून द्यायचं आहे. उलटी अक्षरं वाचत, एकेक खिळा बोटांनी चाचपत, ओळ सरळ ठेवत पान उभं करायचं. काही वर्षांपूर्वी जिला अक्षरओळख नव्हती अशी गुजरातेतली मुलगी मराठी पान उभं करते आहे. पुण्यात बघितलेल्या कुठल्याही भरतकामाइतकंच हे हातकाम मला थोर वाटतं. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्याबद्दल तेव्हाच्या पुण्यात फार कडवट वाद झाले. ते वाद आपण अजून आठवतो. पान कुणी उभं केलं, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

दगडी चर्चमध्ये मावशी मागच्या बाजूला बसली. तिथल्या एका बाई आम्हाला आवार दाखवत होत्या, चिंचेची झाडं, दफनभूमी, रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांच्याबद्दल सांगत होत्या. मावशीने त्यांना विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" बाई म्हणाल्या, "हेच." मावशीने पुढे काही विचारलं नाही, त्यांचा हात धरला फक्त. त्या मग आम्हाला विणकामाबद्दल सांगत बसल्या.

दौंडला गाडी बदलली. भीमेच्या पुढे ऊस सुरू झाला. मावशी गाडीत म्हणाली, सोलापूरच्या पूर्वभागात तिच्या ओळखीच्या दोन पद्मशाली बायका आहेत. तेलंगणातून त्यांच्या आज्या मागाच्या कामासाठी सोलापुरात आल्या, आणि नवरात्रात त्या अजून फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती तेलुगूत गातात. मुलींचा एक गट तिकडे न्यायचा असं आम्ही कुर्डुवाडी यायच्या आत ठरवलं. गाणी उतरवून घेताना अर्थ कोण सांगणार, असं मी म्हटलं, तर मावशी म्हणाली, "मला समजतं थोडं थोडं. विड्या वळायला त्यांच्यातच बसायचे की मी. येते तुझ्याबरोबर."